पाजवता येईल तोच चाकू घे

बाबू, तू धाडलेले चाकूंचे फोटो पाहिले. काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाशी होकायंत्र, आणि किमती अशा की तेवढ्यात इथल्या बाजारात चांगली शेळी येईल. हे वेड 1982 सालच्या ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमानं लावलं. त्यातला चाकू जिमी लाइल नावाच्या अमेरिकी कारागिरानं घडवला होता. पोकळ मूठ, तिच्यात काड्या अन् सुईदोरा. लाइल जाणता माणूस होता, त्यानं काम मन लावून केलं. नक्कल करणाऱ्यांनी मात्र पोकळ नळीला पातं डकवलं आणि जगभर विकलं. असा चाकू मोडतो तो पातं मुठीत शिरतं नेमक्या त्याच जागी, कारण लोखंड तिथंच संपलेलं असतं. काड्या ठेवायला डबी मिळते ना रे, त्यासाठी मूठ पोखरायची कशाला?

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून घरी आलो. त्या सगळ्या काळात कमरेला काही ना काही धारेचं होतंच. त्यातून एक गोष्ट पक्की बसली ती तुला देतो. जो चाकू तुला स्वतःला, एका दगडावर, कंदिलाच्या उजेडात पाजवता येतो तोच घ्यावा. पातं किती लांब, पोलाद कुठलं, धारेला उतार कसा, हे सगळं त्या अटीवर घासून बघ. निम्मे फोटो तिथंच गळतील.

घडीचा नको, हे तू बरोबर ठरवलंस. घडीच्या चाकूच्या सांध्यात बांधीतला चिखल जातो, माशाची बुळबुळ जाते, आणि चार दिवसांनी तो उघडेना होतो किंवा नको तेव्हा मिटतो. खिशात सुतळी कापायला ठीक आहे. रानातल्या मुक्कामाला अखंड पातं हवं.

आता काम काय पडतं ते बघ. दोर कापायचा, तंबूची खुंटी टोकदार करायची, मानवेल बांबूच्या कामट्या काढायच्या, मासा साफ करायचा, कांदा-भेदरं चिरायचं, पावसाळ्यात ओल्या लाकडाच्या पोटातला कोरडा गाभा काढायचा. यातल्या एकाही कामाला सात इंची पातं लागत नाही. अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी 1942 मध्ये घेतलेला का-बार सात इंची आहे खरा, पण त्यांच्यापुढं लढाई होती. तुझ्यापुढं खिचडी आहे. कॅनडात रानविद्या शिकवणारे मोर्स कोचान्स्की सांगायचे की पातं आपल्या तळहाताच्या रुंदीइतकं असावं. दुकानात टेप मागू नकोस, चार बोटं आणि अंगठा मिळून पात्यावर आडवी ठेव. त्यात मावेल ते पातं बरं. साडेतीन ते साडेचार इंच होतात. रुंदी इंचभर. पाठ तीन मिलिमीटर, फार तर चार. सहा मिलिमीटरची पाठ ही पहारच म्हणायची, तिनं कांदा चिरत नाही, फुटतो.

मग लाकूड कशानं तोडायचं, असं विचारशील. कुऱ्हाडीनं. अमेरिकेत नेसमुक या टोपणनावानं लिहिणारा एक रानवेडा होता. 1884 साली त्यानं आपला संच सांगितला तो असा: लहान दुधारी कुऱ्हाड, जाडसर घडीचा चाकू आणि कमरेला पातळ पात्याचा चाकू. आपल्या घरात कुऱ्हाड, विळा आणि पावशी असते. धान कापायला कुणी कुऱ्हाड नेत नाही, की पावशीनं कुणी सरपण फोडत नाही. एकाच पात्यानं सगळी कामं व्हावीत ही हौस दुकानदारानं लावलेली आहे. चाकूच्या पाठीवर दांडकं मारून ओंडका फोडणारे व्हिडिओ तू बघतोस ते मीही बघितले. मनगटाएवढी वाळकी फांदी गाभ्यासाठी चिरायला तेवढं चालतं. त्याहून जाड लाकूड दिसलं की कुऱ्हाड काढ.

मुठीकडं पोरं शेवटी बघतात. मी आधी बघतो. मूठ हातात धरली की बोटांची टोकं तळहाताला नुसती टेकावीत, रुतू नयेत. फार बारीक मूठ हातात फिरते आणि फार जाड मूठ हात दमवते. बोटं कोरून दिलेल्या खाचांची मूठ घेऊ नकोस, त्या खाचा घडवणाऱ्याच्या बोटांच्या असतात. पात्याकडच्या बाजूला बोट अडेल असा लहान उंचवटा मात्र हवाच. मरळ साफ करताना हात बुळबुळीत होतो, पुढं घसरला की बोट थेट धारेवर. दुकानात बघताना तळहात पाण्यानं ओला कर आणि मग मूठ आवळून बघ. दुकानदार हसेल, हसू दे.

पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या खिळ्यांनी आवळलेल्या असाव्यात. कडेनं बघितलं की लोखंडाची पट्टी शेवटापर्यंत दिसते. आपल्याकडच्या जुन्या सुऱ्यांत लोखंडाचं शेपूट तापवून लाकडात ठोकतात आणि लाखेनं बसवतात. घरकामाला ते टिकतं. फक्त लाख उष्णतेनं मऊ पडते, म्हणून अशी सुरी चुलीशेजारी खोचून ठेवायची नाही. आणि इथं फार सोवळं पाळू नकोस. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू जगभर रानात वापरले जातात, त्यातल्या स्वस्त चाकूंच्या मुठीत लोखंड अर्ध्यापर्यंतच असतं, तरी ते वर्षानुवर्षं चालतात. पातं दहा सेंटीमीटरच्या आसपास, वजन नगण्य, धारेला एकच सरळ उतार. विकतच घ्यायचा असेल तर त्या घडणीचा घे. मुठीचं लाकूड निवडायला मिळालं तर धावडा, तिवस किंवा शिसव. सागाची मूठ दिसते छान, पण ठोकाठोकीला धावडाच. कुऱ्हाडीचे दांडे इथं उगीच धावड्याचे करत नाहीत.

पोलादाविषयी तुझ्या मित्रांनी तुला बरीच अक्षरं आणि आकडे पाठ करून दिलेले दिसतात. दोनच जाती लक्षात ठेव, गंजणारं आणि सहसा न गंजणारं. न गंजणाऱ्यात क्रोमियम बरंच असतं, निदान दहा-अकरा टक्के. त्यातलं चांगलं पोलाद खरोखर चांगलं असतं, पण स्वस्तात मिळणारं बहुतेक मऊ निघतं. आज धार लावली की उद्या गेली. दुसऱ्या टोकाला फार कडक पोलादं आहेत. धार महिनाभर टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत येत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. मी गंजणारं घेईन. नदीतल्या गुळगुळीत दगडावरही त्याला निदान कामापुरती धार येते.

गंजाची भीती खरी आहे. नवेगावचा तलाव हा समुद्रासारखा पसरलेला, कोलू पाटील कोहळ्यांनी पाळ घातली तेव्हापासून इथली हवा ओलीच. पावसाळ्यात रात्रभर पुसल्याशिवाय ठेवलेलं पातं सकाळी तांबूस झालेलं असतं. उपाय फार नाही. वापरलं की धू, कोरड्या फडक्यानं पूस, तेलाचं बोट फिरव. स्वयंपाकाचं पातं असल्यानं खोबरेल बरं, मोहाच्या बियांचं तेलही चालतं. जवसाचं तेल पात्याला लावू नकोस, ते वाळून चिकट थर धरतं. मुठीच्या लाकडाला मात्र तेच जवस उत्तम. कच्चा आंबा किंवा आवळा कापलास की पातं काळंनिळं पडेल. घाबरून घासत बसू नकोस. तो काळेपणा पात्याला सांभाळतो, तांबूस भुकटी दिसली तरच घासायचं. आणि घरी आल्यावर चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून विसरायचा नाही. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला खातात.

लोहाराकडून करून घ्यायचा विचार असेल तर मला आनंद आहे, पण नुसतं ‘चाकू करून द्या काका’ म्हणून चालणार नाही. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद माग. त्यात कार्बन अर्धा ते सहा दशांश टक्का असतो, पातं चिवट होतं, मोडत नाही. भंगारातला फार वापरलेला पाटा नको, त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात. कापून उरलेला नवा तुकडा मिळाला तर बघ. जुन्या कानशीचं पोलाद त्याहून कार्बनाचं, धार सुंदर धरतं, पण उतरवणी नीट झाली नाही तर काचेसारखं तडकतं.

पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं विझवणं, ही सगळी गोम. पातं लालभडक झालं आणि लोहचुंबक त्याला धरेनासं झालं की ते विझवायची वेळ झाली. नांगराचा फाळ पाण्यात विझवला तर चालतो, पातळ पातं पाण्यात तडकू शकतं किंवा वाकडं होतं. त्याला तेलात विझवायला सांग. विझवलेलं पातं फार कडक असतं, तसंच वापरलं तर धारेचे तुकडे उडतात. म्हणून ते परत हलकं तापवायचं, हीच उतरवणी. पातं घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून उष्णता देत राहायचं. धारेशी गवती पिवळा रंग आला की थांबायचं, तो साधारण दोनशे ते सव्वादोनशे अंशांचा रंग. निळा झाला की धार मऊ पडली. पाठ निळी झाली तर उलट चांगलं, पाठीला चिवटपणा हवाच असतो. जाणत्या लोहाराला हे सांगावं लागत नाही. तू फक्त शेजारी बसून बघ, आणि मध्ये बोलू नकोस. पातं हातात आलं की धारेवर नवी कानस हलकेच ओढ. सरसर लोखंड निघत असेल तर पातं मऊ राहिलं. जेमतेम खात असेल तर पैसे दे.

आता धार. धारेचा उतार पात्याच्या मध्यापासून सरळ, सपाट खाली आलेला असावा. अशा पात्याला पाजवायला शिकवणी लागत नाही, तो सपाट भाग दगडावर पूर्ण टेकवायचा आणि ढकलायचा. वस्तऱ्यासारखी आत पोखरलेली धार लाकडात टिकत नाही. सपाट उतार नसलेल्या पात्याला कोन हातानं धरावा लागतो. इंचभर रुंद पात्याची पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीहून किंचित जास्त उचलली की वीस अंशांच्या आसपास कोन येतो. तो बरा आहे, लाकूडही कापतो आणि मासाही.

एक दुहेरी दगड घे, एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. भिजव. एक बाजू घासत राहा, पलीकडच्या बाजूला बोटाच्या कातडीला खरखरीत तार लागेपर्यंत. ती तार मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडं लागली पाहिजे. पोरं इथंच घाई करतात आणि टोकाकडचा भाग बोथट राहतो. मग दुसरी बाजू तशीच. मग बारीक दगड, हात हलका करत करत. शेवटी कमरेच्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढ, धार मागं ठेवून. झालं. पळसाचं हिरवं पान हवेत धरून काप, न चुरगळता कापलं तर ठीक. दगड विसरलास तर चहाच्या चिनीमातीच्या कपाचं बूड बघ, तिथं न चकाकणारी खरखरीत कड असते. तिच्यावर कामापुरती धार येते. धार गेली का हे बघायला बोट लावायचं नाही. पातं उजेडाकडं धर, धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती जागा बोथट. धार असलेली कड दिसतच नाही. बांबू कापलास तर ही रेघ लवकर दिसेल, त्याच्या सालीत वाळूचा अंश असतो आणि तो धार खातो. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला हे पातं देऊ नकोस. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धार तापते, आणि तिथं निळा डाग पडला की लोहाराचं पाणी तेवढ्या जागी उतरलं.

पाठ चौकोनी कडांची असू दे. साल खरवडायला ती लागते आणि चकमकीच्या सळीवर ठिणगी पाडायलाही. पण ठिणगीचं एक सांगून ठेवतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आमच्या खात्याचा वणव्याचा हंगाम. पानगळ झालेली असते, एवढासा निखारा पुरतो. राखीव जंगलात आग पेटवणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे. ठिणगी पाडायची हौस घराच्या अंगणात फेड.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी तुझ्या एकाही मित्राला ठाऊक नसेल. नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चं, 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं त्याची यादी दिली आहे, तिच्यात बंदूक, धनुष्यबाण, जाळी, फासे यांच्या पंगतीला चाकूही आहे. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायचं नाही, आणि तोच नियम राष्ट्रीय उद्यानाला. गेटवर पोरगा म्हणतो, ‘काका, फळं कापायला आणलाय.’ वनरक्षकाला ते ऐकून चालत नाही. सफारीला जाताना चाकू घरी ठेव. तो वापरायचा तो उद्यानाबाहेर, शेतातल्या मुक्कामाला, बोडीच्या काठी, मालकाला विचारून.

बाहेरचाही कायदा ऐक. हत्यार कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. तुझं चार इंची पातं त्या मापात येत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली बंदी लागते, तेव्हा कमरेला चाकू लटकवून बाजारात फिरलास तर जाब द्यावा लागेल. प्रवासात तो म्यानात घालून, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेव. विमानात तर हातातल्या बॅगेत चालतच नाही.

जनावरासाठी चाकू, हा विचार डोक्यातून काढ. मोहफुलाच्या दिवसांत अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. पहाटेच्या अंधारात एकटं जायचं नाही, बोलत-खोकत जायचं, वाकून वेचताना कुणीतरी उभं राहायचं. आमची माणसं वाचली ती अशी. अस्वल चाकूच्या टप्प्यात आलं, म्हणजे तूही त्याच्या नखांच्या टप्प्यात आलास.

जखमा बहुतेक आपल्याच हातानं होतात. बसून काम कर, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, म्हणजे पातं मांड्यांच्या आत येणार नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी आहे, ती कापली तर दवाखान्यापर्यंत वेळ मिळत नाही. अंधारात चाकू उघडा ठेवायचा नाही. म्यान उलटं करून हलवलं तरी चाकू पडता कामा नये, दुकानातच हलवून बघ. दुसऱ्याला देताना हातात न देता खाली ठेव, त्यानं उचलावा. आजी पावशीच्या बाबतीत हे पाळते, तिला कारण विचारलंस तर भांडण होतं म्हणेल. कारण कुठलंही असो, बोटं वाचतात. कापलंच तर स्वच्छ फडक्यानं घट्ट दाब, दहा मिनिटं उघडून बघू नकोस, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर आधीच घेऊन ठेव. मुठीला भडक रंगाची दोरी बांध, पाचोळ्यात पडलेली धावड्याची मूठ मलाही सापडत नाही. पण काम करताना ती दोरी मनगटात अडकवायची नाही.

लोहाराकडं मृगाच्या तोंडावर जाऊ नकोस, तेव्हा फाळांची रांग असते. धान कापणीच्या आधीही नको, विळ्यांची गर्दी. पौष-माघात जा, भात्याजवळ बसायलाही बरं वाटतं. जाड पुठ्ठ्यावर चाकूचा आकार काढून, कापून ने. मूठही त्यातच काढ, स्वतःच्या हातात धरून बघून मगच. तोंडानं माप सांगितलंस तर तो त्याच्या हाताच्या मापाचा करील, आणि त्याचा हात तुझ्या दीडपट आहे.